त्रेसष्टावा मजला

नगररचनेशी संबंधित कोणत्याही कार्यालयात एक अर्ज ठरावीक काळाने टेबलावर येतोच. इमारतीचा आराखडा मंजूर झालेला असतो, पाया भरून झालेला असतो, क्वचित निम्मे बांधकामही उभे असते. आणि अर्जदार नम्रपणे विनंती करतो की आणखी काही मजल्यांना परवानगी मिळावी. कारणे दरवेळी निराळी असतात. जमीन महाग पडली, शेजारची इमारत उंच झाली, भाडेकरू जागा मागत आहेत, बँकेचे व्याज चढत आहे. अधिकारी नियमाचे पुस्तक उघडतो आणि बसते की नाही ते पाहतो. पण त्या अर्जाच्या मुळाशी असलेला प्रश्न नियमाच्या पुस्तकात नसतो. तो असा : इमारतीला किती मजले पुरे?

या प्रश्नाचे उत्तर एकदा आकड्यांत काढले गेले होते. सन होते १९३०, शहर न्यूयॉर्क, आणि उत्तर होते ६३. ज्या अर्थशास्त्रज्ञाने ते काढले तो पुढे एका देशाच्या अर्थखात्याचा सर्वोच्च सनदी अधिकारी झाला. त्याच वर्षी, त्याच शहरात, एक कार्यालयीन इमारत या आकड्याला न जुमानता वर चढत होती आणि तिचा आराखडा वाटेत दोनदा वाढवला गेला होता. हे उत्तर आणि ही इमारत शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर आज आपल्या शहरांत जे चालले आहे त्यावर बराच प्रकाश पडतो.

प्रारंभ नियमापासून करू. १९१५ साली न्यूयॉर्कच्या खालच्या भागात, ब्रॉडवेवर, इक्विटेबल बिल्डिंग पुरी झाली. एक एकराहूनही थोड्या कमी भूखंडावर ३८ मजले, पदपथापासून सरळ वर. एकूण क्षेत्रफळ सुमारे १२ लाख चौरस फूट. म्हणजे भूखंडाच्या जवळजवळ तीसपट. आजच्या आपल्या भाषेत सांगायचे तर चटई क्षेत्र निर्देशांक ३०! शेजाऱ्यांचा उजेड गेला. अंधारलेल्या खोल्यांना भाडे मिळेना, आणि आपल्या मालमत्तेचे मूल्य घटल्याची तक्रार घेऊन मालक महापालिकेकडे गेले. इमारतींच्या उंचीचा विचार करणारा आयोग १९१३ पासून काम करीतच होता. त्याचे प्रमुख एडवर्ड बॅसेट हे व्यवसायाने वकील होते. इक्विटेबलच्या सावलीने त्या कामाला बळ दिले आणि १९१६ मध्ये शहराने क्षेत्रविभागणीचा पहिला सर्वंकष नियम संमत केला.

हा नियम प्रशासनाच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्याने उंचीवर बंदी घातली नाही. रस्त्याच्या रुंदीच्या प्रमाणात ठरावीक उंचीपर्यंत भिंत सरळ न्यावी, त्यापुढे ती पायरीपायरीने मागे घ्यावी, म्हणजे आकाश रस्त्याच्या वाट्याला राहील. आणि भूखंडाच्या एक-चतुर्थांश भागावर मात्र मनोरा हवा तेवढा उंच न्यावा. बस. आपल्या भूखंडावर काय उभे राहू शकते हे मालकाला पट्टी-पेन्सिल घेऊन घरी बसून काढता येत होते. चकत्या रचल्यासारख्या दिसणाऱ्या त्या काळच्या न्यूयॉर्कच्या इमारतींचा आकार वास्तुविशारदांच्या आवडीपेक्षा या नियमाने अधिक घडवला.

या नियमाच्या चौकटीत १९२९ ची प्रसिद्ध शर्यत झाली. वॉल स्ट्रीटवर क्रमांक ४० ची इमारत आणि बेचाळिसाव्या रस्त्यावर वॉल्टर क्रायस्लरची इमारत एकाच वेळी चढत होत्या. दोघांचे वास्तुविशारद, क्रेग सेव्हरन्स आणि विल्यम व्हॅन ॲलन, पूर्वीचे भागीदार आणि आताचे प्रतिस्पर्धी. वॉल स्ट्रीटची इमारत आपला आराखडा वाढवीत ९२७ फुटांवर पोहोचली. व्हॅन ॲलनने मुकुटाच्या आत गुपचूप जोडून ठेवलेला १८५ फुटांचा पोलादी शंकू २३ ऑक्टोबर १९२९ रोजी बाहेर काढून वर बसवला आणि क्रायस्लर इमारत १,०४६ फुटांची झाली. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑक्टोबरला, वॉल स्ट्रीटच्या शेअर बाजारात घसरगुंडी सुरू झाली.

तिसरा स्पर्धक तेव्हा जमिनीच्या वरही आलेला नव्हता. जनरल मोटर्समधून बाहेर पडलेले जॉन रॅस्कॉब आणि १९२८ ची अध्यक्षीय निवडणूक हरलेले न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अल स्मिथ यांनी फिफ्थ ॲव्हेन्यूवरील जुन्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलची जागा घेतली होती. क्षेत्र सुमारे दोन एकर. २९ ऑगस्ट १९२९ रोजी स्मिथ यांनी ८० मजल्यांची, १,००० फुटांची कार्यालयीन इमारत जाहीर केली. त्याच महिन्यात एका महिला मासिकात रॅस्कॉब यांची मुलाखत प्रसिद्ध झाली होती. दरमहा थोडे पैसे शेअरांत गुंतवले तर प्रत्येकाला श्रीमंत होता येईल, असा तिचा आशय. इमारत आणि मुलाखत दोन्ही एकाच हवेत जन्मल्या होत्या.

मग आराखडा वाढू लागला. ८० चे ८५ मजले झाले. छताची उंची १,०५० फूट, म्हणजे क्रायस्लरपेक्षा जेमतेम चार फूट अधिक! चार फुटांचा विजय कोणाला पुरेसा वाटणार? क्रायस्लरने पुन्हा एखादा शंकू काढला तर? डिसेंबर १९२९ मध्ये स्मिथ यांनी दुसरी वाढ जाहीर केली : छतावर २०० फुटांचा आणखी एक मनोरा. अटलांटिक ओलांडून येणाऱ्या झेपेलिन जातीच्या वायुनौका तेथे बांधता येतील आणि प्रवासी थेट शहराच्या मध्यावर उतरतील, असे कारण देण्यात आले. एकूण उंची १,२५० फूट, मजले १०२.

येथे तारखांकडे लक्ष द्यावे. बाजार कोसळला ऑक्टोबरात. इमारतीची दुसरी वाढ ठरली डिसेंबरात. सर्वसामान्य व्यवहारज्ञान सांगते की मंदीची चाहूल लागली की माणूस हात आखडतो. येथे उलटे झाले. त्यात केवळ वेडेपणा होता असे मानणे सोपे आहे, पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जरा थांबावे. जमिनीत पैसा अडकला होता, जुने हॉटेल पाडण्याचे काम १ ऑक्टोबरलाच सुरू झाले होते. झालेला खर्च परत येणार नव्हता. प्रश्न फक्त पुढच्या मजल्याचा होता. पुढचा मजला त्याच्या स्वतःच्या खर्चापेक्षा जास्त मिळवून देईल का, एवढेच पाहायचे. आणि प्रत्येक जास्तीच्या मजल्यावर जमिनीची किंमत थोडी अधिक विभागली जाते, हे गणित मोहक असते.

नेमके हेच गणित त्या सुमारास विल्यम क्लिफर्ड क्लार्क मांडत होता. हा कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातला, क्वीन्स विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेला माणूस. १९२० च्या दशकात तो न्यूयॉर्कला येऊन इमारतींच्या तारणावर रोखे विकणाऱ्या एस. डब्ल्यू. स्ट्राउस या संस्थेत अर्थतज्ज्ञ झाला. वास्तुविशारद जे. एल. किंग्स्टन याच्यासह त्याने गगनचुंबी इमारतीच्या आर्थिक उंचीवर एक पुस्तक लिहिले. १९३० मध्ये ते अमेरिकेतील पोलादी बांधकाम व्यवसायाच्या संस्थेने प्रसिद्ध केले.

पद्धत सरळ होती. ग्रँड सेंट्रल स्थानकासमोरचा एक भूखंड कल्पिला, जमिनीचा भाव चौरस फुटाला २०० डॉलर धरला, १९१६ चा नियम लागू केला आणि त्या जागेवर आठ निरनिराळ्या उंचीच्या इमारतींचे आराखडे व अंदाजपत्रके केली. मग एकूण गुंतवणुकीवर प्रत्येकीचा वार्षिक परतावा काढला. ८ मजल्यांना ४.२२ टक्के, १५ ला ६.४४, २२ ला ७.७३, ३० ला ८.५०, ३७ ला ९.०७, ५० ला ९.८७, ६३ ला १०.२५ आणि ७५ ला १०.०६. त्रेसष्टाव्या मजल्यानंतर परतावा उतरणीला लागतो.

का उतरतो, हे त्यांनी चांगले दाखवले आहे. इमारत जसजशी चढते तसतशा लिफ्ट वाढतात आणि त्या प्रत्येक खालच्या मजल्याची जागा खातात. वरच्या माणसाला नेण्यासाठी खालच्याचे भाडे बुडते. वारा पेलायला पोलाद जास्त लागते. पाण्याचा दाब, वायरी, बांधकामाचा वेळ आणि त्या वेळेचे व्याज, सारे वाढते. शिवाय नियमाप्रमाणे भिंत मागे घेत गेल्यामुळे वरचे मजले लहान होत जातात. दुसरीकडे जमिनीचा खर्च ठरलेला असतो आणि तो मजल्यांत वाटला जातो. या दोन बलांची तुलना जेथे बरोबरीत सुटते ती आर्थिक उंची. जमीन जितकी महाग, तितकी ही रेषा वर सरकते.

या उत्तरातील एक बारकावा नोंदवला पाहिजे. परताव्याचा दर कमाल असणे आणि एकूण नफा कमाल असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. कर्ज सहा टक्क्यांनी मिळत असेल आणि चौसष्टावा मजला स्वतःपुरते सात टक्के देत असेल, तर सरासरी घसरली तरी मालक तो मजला बांधणारच. म्हणजे ६३ हा आकडा मालकाला थांबवणारी भिंत नव्हती, सावधगिरीची खूण होती. आणि या साऱ्या आकड्यांखाली एक गृहीत दडलेले होते : बांधलेली जागा भाड्याने जाईल.

ते गृहीतच कोसळले. एम्पायर स्टेटचे पोलाद १७ मार्च १९३० रोजी उभे राहू लागले. बांधकामाचे व्यवस्थापन आजही आदर्श म्हणून शिकवावे असे. ऐन भरात आठवड्याला चारहून अधिक मजले चढत आणि एका वेळी तीन हजारांवर माणसे कामावर असत. १ मे १९३१ रोजी अध्यक्ष हूव्हर यांनी वॉशिंग्टनहून कळ दाबून इमारतीचे दिवे लावले. मंदीमुळे मजुरी आणि साहित्य स्वस्त झाले होते. जमिनीसह पाच कोटी डॉलरचा अंदाज असताना काम सुमारे चार कोटी दहा लाखांत आटोपले. वेळेआधी आणि अंदाजापेक्षा कमी खर्चात! आपल्या कोणत्याही विभागाने अभिमानाने मिरवावे असे यश. फक्त भाडेकरू नव्हते. उद्घाटनाच्या वेळी जेमतेम एक-चतुर्थांश जागा गेली होती आणि न्यूयॉर्ककर तिला ‘एम्प्टी स्टेट बिल्डिंग’, म्हणजे रिकामी इमारत, म्हणू लागले. पुढे कित्येक वर्षे वरून शहर पाहायला येणाऱ्या लोकांच्या तिकिटांनी तिला हातभार लावला. वायुनौकांचे म्हणाल तर सप्टेंबर १९३१ मध्ये एक लहान वायुनौका जोराच्या वाऱ्यात तीन मिनिटे त्या मनोऱ्याला टेकली. प्रवासी कधीच उतरले नाहीत. इमारतीला खरा नफा दिसू लागला तो १९५० च्या आसपास. रॅस्कॉब १९५० मध्ये वारले आणि १९५१ मध्ये इमारत विकली गेली.

१९७२ मध्ये त्याच इमारतीचा वरचा मनोरा काढून ११ मजले चढवण्याची योजना पुढे आली. कारण उघड होते : वर्ल्ड ट्रेड सेंटरने तिच्या उंचीचा मान हिरावला होता. ११३ मजले आणि १,४९४ फूट असा तो हिशेब कागदावरच राहिला. चाळीस वर्षांनीही उंची वाढवण्याचे कारण शेजारी हेच होते, भाडेकरू नव्हते, एवढे त्यातून दिसते.

क्लार्कचे पुढे काय झाले? १९३१ मध्ये तो क्वीन्स विद्यापीठात परतला. १९३२ मध्ये पंतप्रधान बेनेट यांनी त्याला कॅनडाच्या अर्थखात्याचा उपमंत्री नेमले. कॅनडात हे पद राजकीय नसते, सनदी असते. आपल्या भाषेत अर्थसचिव. १९५२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, वीस वर्षे, तो त्या पदावर होता. मध्यवर्ती बँकेची स्थापना, १९३५ चा गृहबांधणी कायदा, युद्धकाळातील वित्तव्यवस्था, युद्धानंतरचे सामाजिक कार्यक्रम या साऱ्यांवर त्याची छाप आहे. महाग जमिनीवरच्या मालकासाठी सर्वाधिक परताव्याची उंची शोधणारा माणूस पुढे सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या घराच्या कर्जाची रचना करीत बसला. मला या बदलात विसंगती दिसत नाही. हिशेबाची शिस्त तीच होती. बदलला तो हिशेब कोणासाठी मांडायचा हा प्रश्न.

कारण त्रेसष्ट मजल्यांच्या त्या तक्त्यात दोन गोष्टी नाहीत. पहिली म्हणजे रस्ता. इमारतीतून संध्याकाळी एकदम बाहेर पडणारी हजारो माणसे, त्यांना वाहून नेणारी भुयारी रेल्वे, पाणी, मैला, शेजाऱ्याचा गेलेला उजेड, हा खर्च मालकाच्या वहीत लिहिला जात नाही, शहराच्या वहीत लिहिला जातो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. जमिनीचा २०० डॉलर हा भाव लेखकांनी निसर्गदत्त असल्यासारखा धरला. पण त्या जमिनीला तो भाव आला तो तेथे उंच बांधता येते म्हणून! उंच बांधायची मुभा आहे म्हणून जमीन महाग, आणि जमीन महाग आहे म्हणून उंच बांधणे भाग. असे हे वर्तुळ आहे. ‘जमीन महाग पडली, म्हणून मजले वाढवून द्या’ हे अर्जदाराचे वाक्य वाचताना अधिकाऱ्याने हे वर्तुळ डोळ्यांसमोर ठेवावे. उद्या मजले वाढवून मिळतील ही आशा आजच्या जमिनीच्या किमतीत आधीच भरलेली असते.

न्यूयॉर्कने १९६१ मध्ये नवा नियम करून चटई क्षेत्र निर्देशांकाची पद्धत आणली. मुंबईत हाच निर्देशांक १९६४ च्या विकास नियंत्रण नियमांनी आला. निर्देशांकाचे मोजमाप सोपे. परंतु त्याचा आकडा बदलताही येतो, आणि बदलता येणारा आकडा हा नेहमीच मागणीचा विषय होतो. त्याची दोन टोके आपल्या न्यायालयांच्या निकालांत नोंदली गेली आहेत.

एक टोक मुंबईचे. दक्षिण मुंबईतील ‘प्रतिभा’ ही ३६ मजल्यांची निवासी इमारत मंजूर निर्देशांकापेक्षा अधिक बांधली गेली. वरचे आठ मजले पाडण्याचा महापालिकेचा आदेश १९८४ चा; सर्वोच्च न्यायालयाने तो १९९१ मध्ये कायम केला. आधी बांधून मग नियमित करून घेण्याच्या प्रवृत्तीला तो इशारा होता.

दुसरे टोक दिल्लीचे, आणि ते कार्यालयीन इमारतीचेच आहे. बहादूरशाह जफर मार्गावर इंडियन एक्स्प्रेसच्या जुन्या इमारतीला जोडून नवे बांधकाम करण्यास जनता पक्षाच्या राजवटीत, वाढीव निर्देशांकासह, मंजुरी मिळाली. १९८० मध्ये केंद्रातील सरकार बदलले आणि मार्च महिन्यात बांधकाम पाडण्याच्या आणि भाडेपट्टा संपवण्याच्या नोटिसा निघाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९८५ मध्ये त्या अवैध ठरवल्या. वृत्तपत्राच्या स्वातंत्र्याचा निकाल म्हणून तो स्मरणात राहिला. मला मात्र तो प्रशासनाचा धडाही वाटतो. इमारतीची वाढ मंत्र्याच्या इच्छेने मिळू शकते अशी व्यवस्था असेल, तर ती दुसऱ्याच्या इच्छेने काढूनही घेतली जाऊ शकते. १९१६ च्या न्यूयॉर्कमध्ये असा खटला उभाच राहिला नसता. रॅस्कॉबला पाच मजले आणि एक मनोरा वाढवायला कोणाची मर्जी सांभाळावी लागली नाही. त्याचा आराखडा शहाणपणाचा नव्हता, पण त्याचे परिणाम त्याने स्वतः भोगले.

आज आपण तिसऱ्याच वाटेवर आहोत. मुंबईत २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीत अधिमूल्य भरून वाढीव निर्देशांक घेता येतो, आणि देशातील इतर अनेक महानगरांतही अशी सोय आहे. यात मर्जीचा भाग कमी होतो, ही जमेची बाजू. मुभेमुळे वाढलेल्या जमिनीच्या मूल्याचा काही वाटा सार्वजनिक तिजोरीत येतो, हेही अर्थशास्त्राला धरून आहे. पण उंचीपासून ज्याला उत्पन्न मिळते तोच उंचीचा राखणदार, अशी ही रचना होते. अंदाजपत्रकात अधिमूल्याचा आकडा एकदा धरला गेला की अर्ज नाकारणे म्हणजे महसूल बुडवणे ठरते. मिळालेला पैसा त्याच रस्त्याच्या जलवाहिनीवर आणि त्याच स्थानकाच्या जिन्यावर खर्च होत नसेल, तर ती शहराच्या उजेडाची आणि वाटेची विक्रीच होय.

म्हणून वाढीव मजल्यांचा अर्ज समोर येईल तेव्हा टिपणीत तीन रकाने असावेत, असे मला वाटते. पहिला मालकाच्या हिशेबाचा. तो अर्जदार स्वतःच उत्तम भरतो. दुसरा रस्त्याचा : या मजल्यांतून बाहेर पडणारी माणसे कोणत्या वाटेने, कोणत्या गाडीने, कोणत्या नळाचे पाणी पिऊन जगणार आहेत, आणि त्याचा खर्च कोण, कोणत्या वर्षी देणार आहे. तिसरा रकाना शेजाऱ्याचा : हीच सवलत पलीकडच्या भूखंडाने उद्या मागितली तर देणार का? देणार असू तर ती नियमात लिहावी. देणार नसू तर आजही देऊ नये. क्लार्कने पहिला रकाना इतका चोख भरला की शंभर वर्षे होत आली तरी त्याच्या आकड्यांचा आधार घेतला जातो. उरलेले दोन भरणे हे मालकाचे काम नाही. त्यासाठीच आपल्याला पगार मिळतो.